हेंकची सकाळची पाळी

त्या दिवशी आम्ही घेवड्याला पाणी घातलं, एवढंच. सकाळचं त्याने, संध्याकाळचं मी. मधे कमरेएवढं कुंपण. "घेवडा भिजवला. नळी गुंडाळली. दोन गोगलगाई काढल्या," हेंकने संध्याकाळी आमच्या मोडक्या इंग्रजीत रोजच्यासारखं सांगितलं आणि मी "घेतलं" म्हणायची वाट बघत राहिला. मी म्हटलं नाही...

हेंक इथला, न्यूझीलंडमधल्या पापाकुरातला आमचा शेजारी. हॉलंडच्या नौदलात अधिकारी होतो, मग एका पक्षाचा मोठा नेता झालो, म्हातारपणी लेकीकडे आलो, असं सांगायचा. माझा विश्वास नव्हता. इथे येण्याआधी मी पुण्यात तीस वर्षं रिक्षा चालवली, नेते पाहिलेत. आमचा नगरसेवक चार पोरं घेतल्याशिवाय दाढीला जात नाही, आणि हा स्वतःचे कपडे स्वतः वाळत घालतो, डेअरीतून दूध आणतो. माझी बायको मंदा गेल्यावर मी सकाळचा उठेनासा झालो, तिचा घेवडा सुकायला लागला, तेव्हा हा आपणहून म्हणाला, "सकाळची पाळी माझी, शिंदे." शेंगांवर डोळा असणार. मी मोजायला लागलो. एकही कमी भरली नाही, तरी संशय जाईना. पाळी सोपवायची रीत त्याची जहाजावरची, येणारा 'घेतलं' म्हणेपर्यंत जाणाऱ्याने जागा सोडायची नाही. तो मराठी शब्द त्याने माझ्याकडून मागून घेतला होता.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "एवढा नेता होतास, तर सोडलंस कशाला?"

"दुसरा तयार झाला. त्याने घेतलं, मी खाली उतरलो."

"थापा मारू नको, कॅप्टन. आपणहून कोणी उतरत नाही. हाकललं असेल तुला."

"अजून थोडं थांबलो असतो, तर तेही झालं असतं," म्हणून हसला. मला वाटलं, माझीच चेष्टा करतोय. पाठ फिरवून आत आलो. खिडकीतून बघतो तर हा तिथेच. माझा चहा झाला, तरी उभा. शेवटी लेकीने हाक मारून आत नेला.

सकाळी तीच आली. बाबा झोपेतच गेले, म्हणाली.

दीड महिना झाला. परवा तिने जुनं डच वर्तमानपत्र दाखवलं. गणवेशातला हेंक, आणि शेजारी भाषण करणारा हेंक. माणूस तोच. आपणहून उतरला की हाकलला, ते मला वाचता येत नाही, आणि लेक बापाबद्दल कुठे वाईट सांगणार... पण कुंपणाशी तो किती वेळ उभा होता, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ती निरोप सांगून गेली त्या सकाळी, मंदा गेल्यापासून पहिल्यांदाच मी सातला गमबूट घातले. घेवडा भिजवला, नळी गुंडाळली. गोगलगाय एकच सापडली. मग कुंपणाशी गेलो, त्याच्या अंगणाकडे तोंड केलं आणि म्हटलं, "घेतलं, हेंक."