बंदुकीची वही

लाकडाच्या वस्तू हुबेहूब करायचा मला भारी नाद. तुयेच्या कारखान्यात दिवसभर लेथवर लोखंड कातायचं आणि घरी आलं की पटाशी घेऊन बसायचं. होडी झाली, बैलगाडी झाली, देवाची पालखी झाली. मग डिचोलीच्या बाजारात जुन्या सामानात एक फोटो मिळाला, खांद्याला बंदूक लावून उभा असलेला पाखलो. पोर्तुगीज शिपायाला आमच्याकडे पाखलो म्हणत. झालं, डोक्यात शिरलं की ही बंदूक करायचीच. उडणारी नव्हे हो, नळीसुद्धा लाकडाचीच. पण बघणाऱ्याने दचकायला हवं.

अडचण एकच होती. फोटोत बंदुकीची एकच बाजू दिसत होती. दुसरी बाजू जवळून बघितलेला माणूस मात्र आमच्या शेजारच्याच घरात राहत होता. माझे काका, बाबांचे थोरले भाऊ. गोवामुक्तीच्या चळवळीत पत्रकं वाटताना त्यांना पकडलं होतं आणि चौकीत कित्येक दिवस बंदुकीसमोर बसवून ठेवलं होतं. त्याबद्दल ते कधी कुणाकडे चकार शब्द बोलले नव्हते. बाबांकडेसुद्धा नाही.

मी वही-पेन्सिल घेऊन गेलो आणि म्हटलं, "काका, त्या चौकीतलं सांगा ना." ते वहीकडे बघत राहिले आणि एकदम त्यांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, पुतण्या आपली हकीकत लिहून ठेवायला आलाय. गोव्याचं नुकतंच राज्य झालं होतं, कोकणी की मराठी यावरून घराघरात जुंपलेली होती. काका बोलायचे पेडण्याच्या बोलीत, पण मला बजावून म्हणाले, "लिही. पण मराठीत लिही हां, नीट." मी "हो" म्हटलं. तेव्हाच खरं काय ते सांगून मोकळं व्हायला हवं होतं. नाही झालो. सांगितलं तर ते गप्प बसतील अशी धास्ती होती.

पुढचे चार-पाच रविवार मी त्यांच्या जनेलाजवळ, म्हणजे खिडकीपाशी, बसलो. काकी चहा आणि उंडे पाव आणून ठेवायची. काका सांगायचे आणि मी मेला मध्येच तोडायचो. त्यांची आई पेज घेऊन चौकीवर आली आणि तिला दारातूनच हाकललं, हे ते सांगत होते. मी विचारलं, "बंदुकीच्या पट्ट्याची कडी डाव्या अंगाला की खालच्या?" ते बिचारे डोळे मिटून आठवायचे आणि सांगायचे. लिहिणाऱ्याला बारीकसारीक लागतंच, अशी त्यांची समजूत. बरोबर पकडलेला त्यांचा एक मित्र होता. त्याला एका सकाळी बाहेर नेलं, तो परत आला नाही. जाताना तो काकांना काहीतरी बोलला होता. तेही काकांनी मला सांगितलं. तेव्हा मी वहीत दस्त्याचा बाक काढत होतो. "लिहिलंस मरे?" ते दर वेळी विचारायचे. मी मान डोलवायचो.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं आणि पुस्तकं पूजेला लागतात. मी करवत, रंधा, पटाशी मांडली आणि मधोमध नवी बंदूक ठेवली, झेंडूची माळ घालून. काका सोनं द्यायला आले. बंदुकीकडे बघून जागच्या जागी थांबले. "तीच ती," म्हणाले. मी फुशारलो. मग त्यांनी विचारलं, "आणि वही? वही पूजेक लावूंक ना?"

मी सारवासारव करतोय तोवर माझ्या बायकोने कपाटातून वही आणून दिलीसुद्धा. तिला काय ठाऊक! काकांनी वहीला कुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले. पूजेतलं पुस्तक त्या दिवशी उघडायचं नसतं. त्या नेमाने मी वाचलो आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आज सगळ्यात जास्त शरम वाटते.

पाहुणे गेल्यावर मी दुसरे कागद घेऊन बसलो. म्हटलं, आठवून लिहून काढू, वहीत घालून देऊ. चार ओळींच्या पुढे गाडी सरकेना. त्या मित्राचं नाव आठवेना, गाव आठवेना, तो काय बोलला ते तर मुळीच नाही. पट्ट्याची कडी मात्र डोळ्यांपुढे लख्ख.

दुसऱ्या दिवशी पूजा उचलली तसे काका चष्मा घेऊन आले. खुर्चीत बसून एकेक पान उलटत गेले. शेवटच्या पानापर्यंत. नळी, घोडा, दस्ता, मापं. मग वही मिटून म्हणाले, "बंदूक बरी काढल्यास."

"काका, परत सांगा. आता एक अक्षर सोडणार नाही."

"एकदा सांगलां मरे तुका," ते म्हणाले. रागाने नव्हे. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढेही ते घरी येत, चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला हात लावत, माझ्याशी पावसापाण्याचं बोलत. चौकीचा विषय पुन्हा निघाला नाही. मीही काढला नाही, तोंड कुठे होतं मला!

ते गेल्यावर बाराव्याला एक म्हातारी डिचोलीहून बस बदलत आली. त्या मित्राची धाकटी बहीण. काकांनी तिला कधीतरी कळवलं होतं म्हणे, की सगळं माझ्या पुतण्याच्या वहीत आहे. वहीत काय आहे ते कळल्यावर त्यांनी तिला उलट निरोप धाडला नव्हता. माझी अब्रू राखली होती.

ती माझ्यासमोर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "माका वाचूंक येना. माझो भाव जाताना कितें म्हणालो, तेवढं वाचून दाखय."