सिंथवाल्याचा आनंद

साडीच्या दुकानात मी ब्लाउजपीस पाहत होते, आणि छतावरच्या स्पीकरमधून अचानक माझाच वीस वर्षांपूर्वीचा आवाज आला. आमच्या तिघांच्या बँडचं गाणं होतं ते. सिंथेसायझरचे लांबच लांब उदास सूर, आणि त्यावर मी.

"ताई, बदलू का? जरा रडकं आहे," विक्रेता म्हणाला.

"राहू द्या," म्हटलं आणि मंदारला फोन लावला. सिंथ वाजवणारा तोच, चाली बांधणाराही तोच. एक तरी आनंदी गाणं कर म्हणून किती विनवलं त्याला! पण तो रुसून बसायचा. शेवटी एका गॅदरिंगमध्ये मुलांनी नाचायचं गाणं मागितलं, तर हा वायर उपटून चालता झाला. बँड तिथेच मोडला.

मी फोन उंच धरला. "ऐक, आपलं गाणं लागलंय!"

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बेस फार कमी ठेवलाय त्यांनी."

"अरे, आज तरी खूश हो!"

"झालोय की," तो पडेल आवाजात म्हणाला.

काय करावं या माणसाचं! काहींच्या घरी आनंदही दुखवट्याला आल्यासारखा येतो, आणि आपण वर्षानुवर्षं त्यावर चिडत राहतो.

गाणं संपलं, तरी त्याने फोन ठेवला नाही. मी विक्रेत्याला म्हटलं, "पुन्हा लावता का?"