रिकामी जागा

आमच्या राई गावातल्या एक ताई रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींवरून विश्वातल्या पहिल्या दीर्घिका अभ्यासतात. काहीही विचारा, आधी "थांब" म्हणून चष्मा पुसतात. मला चीड यायची. इथे मिठागरावर बिल्डरचा भराव पडतोय आणि यांना अब्जावधी वर्षांपूर्वीचं आकाश!

'मिठागराची रिकामी जागा वाचवा' हे माझं पत्रक सहीसाठी नेलं. त्यांनी चष्मा पुसला आणि 'रिकामी' हा शब्द खोडला.

"दोन दीर्घिकांच्या मधीपन वायू हाय, डोल्यांना दिसत न्हाय इतकंच. आन् इथं तर माझा बापूस मीठ पिकवायचा. रिकामी कोन बोलतो रे?"

बिल्डर बोलतो. त्याचाच शब्द मी छापला होता.

उरलेल्या सगळ्या पत्रकांवर तो आम्ही दोघांनी बसून खोडला. सही त्यांनी त्यानंतरच केली.