थांब्यावरची मावशी

पावसच्या एसटी थांब्यावर रातांबे विकणारी ती मावशी मला एकदाच भेटली. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून माझे वडील मुंबईहून एकटेच रेल्वेने येत होते आणि मला वेळेत रत्नागिरी स्टेशन गाठायचं होतं. मी मोबाइलवर एसटी कुठे आहे ते बघत होतो.

मावशी रातांबे निवडता निवडता मध्येच हात थांबवून कान द्यायची.

"येतेय हां गाडी," ती म्हणाली.

"नाही मावशी, अजून दहा मिनिटं आहेत," मी तिला समजावलं आणि मोबाइलवरचा ठिपका बोटांनी मोठा करून पाहू लागलो. तेवढ्यात एसटी माझ्यासमोरून निघून गेली.

मावशी टोपली टाकून रस्त्यावर धावली. "थांबव रे मेल्या, माणूस राहिला!" तिच्या आवाजाने गाडी थांबली. मी धापा टाकत चढलो, तेव्हा ती खालून म्हणाली, "बाबा, गाडी रस्त्यानं येते. रस्त्याकडं बघावं."

स्टेशनवर वडील काळा चष्मा लावून, बॅग धरून उभे होते.

"वेळेवर आलास रे," ते म्हणाले.

"मोबाइलवर सगळं कळतं, बाबा," मी म्हणालो.