मोतीरामची मिशी आणि लाल दिवा

पांढुर्ण्यात सौंसर रोडवर मोतीराम मिस्त्रीचं गाडीदुरुस्तीचं टप्पर होतं, आणि त्या टपरात ऑईलने काळी न झालेली एकच वस्तू होती, ती म्हणजे त्याची मिशी. दिवसभर कोपरापर्यंत इंजिनात बुडालेला हा गडी मिशीला मात्र साबणाने धुतलेलाच हात लावी. पैज लागली की तीच पणाला लावी, आणि आजवर एकदाही हरला नव्हता. निदान असं तो सांगे.

दुसरी त्याची खोड बिब्ब्याची. नवी गाडी टपरात आली की काळा बिब्बा, लिंबू आणि मिरच्या लोखंडी तारेत ओवून तिला बांधल्याशिवाय तो सोडत नसे. तेही फुकट. "इंजिन मी पाह्यतो, नजर थो पाह्यते," म्हणे.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात भिवाजी गजभिये आपली नवी जपानी बनावटीची फटफटी पहिल्या सर्व्हिसिंगला घेऊन आले. भिवाजी सौंसरच्या जनपद कार्यालयात बाबू होते, रोज पांढुर्ण्याहून जाणं-येणं. मोतीरामने बिब्बा काढताच त्यांनी हात आडवा केला.

"हे नोको, मोतीराम. आमच्यात हे चालत नाही. मागच्या पौर्णिमेला विहारात याच गोष्टीवर बोललो मी. आता मीच बिब्बा लटकवून फिरू?"

"बरं भाऊ, तुमची मर्जी," मोतीराम म्हणाला. गाडी धुऊन-पुसून संध्याकाळी परत गेली.

त्या गाडीत एक नवलाई होती. बाकी गावाचं पेट्रोल मोजणं सोपं होतं : गाडी दोन्ही हातांनी हलवायची आणि टाकीला कान लावायचा. डुचमळलं तर आहे, नाही तर लोटत न्या. भिवाजींच्या गाडीत मात्र पेट्रोल सरत आलं की मीटरशेजारी लाल दिवा पेटायचा. तो पाहायला माणसं कलाबाईच्या चहाच्या हॉटेलातून कप हातात घेऊन उठून येत.

दीड-दोन महिन्यांनी तो दिवा पेटला, आणि विझेचना. भिवाजी यंत्रावर विश्वास ठेवणारा माणूस. दिवा दिसला की पंपावर जात. शेवटी पंपावरचा माणूसच म्हणाला, "बाबूजी, वरून सांडून राह्यलं ना! आता का खिशात भरू?"

भिवाजी गाडी घेऊन टपरात आले. मोतीरामने दिव्याचा बल्ब बदलला. नवा बल्ब जुन्यापेक्षा जोरात पेटला. मग त्याने टाकीवर दोन थापडा मारल्या. दिवा हसल्यासारखा लुकलुकला आणि पुन्हा पेटून बसला.

"जमत नसन तं सांग," भिवाजी म्हणाले. "नागपूरले नेतो. आमच्या हापिसातले बाकीचेही गाड्या घेऊन राह्यले, थेही मंग तिकडंच जातीन."

हे मात्र मोतीरामला झोंबलं. त्याने हात धुतले, मिशीला पीळ दिला आणि समोरच्या हॉटेलातही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाजाराच्या दिवसापर्यंत खराबी नाही शोधली, तं ही मिशी कलाबाईच्या बाकावर बसून काढून टाकतो!"

"माह्या बाकावर केसं नोको पाडू गा," कलाबाई कढईमागून ओरडली. "गिऱ्हाईक भजे खाते तिथं."

बाजाराच्या दिवशी भिवाजी सकाळीच येऊन टपरात स्टुलावर बसले. मोतीरामने आता डोकं लावलं. दिव्याची तार टाकीतल्या यंत्रापर्यंत जाते. पेट्रोल कमी झालं की ते यंत्र त्या तारेला गाडीच्या लोखंडाशी जोडतं, आणि दिवा पेटतो. त्याने टाकीजवळ तार यंत्रापासून सोडवली. दिवा तरी पेटलेलाच!

"सापडलं!" तो ओरडला. "यंत्र चांगलं हाय भाऊ! तारच कुठंतरी मधात सोलली आन लोखंडाले भिडली. टाकीच्या खालीच असन पाहा, जिथं…"

जिथं म्हणून तो थांबला. टाकीखाली काय होतं, ते त्याला आत्ता आठवलं.

"चहा घेऊन या ना भाऊ तुम्ही."

"घेतला."

"मंग भजे?"

"मोतीराम, टाकी उचल."

हॉटेलातली माणसं कप घेऊन रस्त्याच्या या बाजूला आली होतीच. मोतीरामने टाकीचा नट इतका हळू सोडला, की लोकांना वाटलं मिशीची शेवटची घटका भरली. टाकी उचलली. खाली, गाडीच्या सांगाड्याच्या नळीला लोखंडी तारेने करकचून आवळलेला, सुकून खडंग झालेला बिब्बा होता. त्याच फासात दिव्याची तारही आवळली गेली होती. धक्क्याधक्क्याने तिचं रबर कातरलं होतं.

भिवाजींनी बिब्ब्याकडे बोट दाखवलं. "मी नाही म्हनलो होतो ना तुले?"

"म्हून तं खाली बांधला," मोतीराम पुटपुटला. "तुमाले दिसू नये म्हून."

"काहून पन?"

"रोजचा रस्ता तुमचा. ट्रका चालतेत. मले करमलं नाही ना भाऊ."

भिवाजींना चिडावं की काय करावं कळेना. तेवढ्यात कलाबाईने न्याय केला, "खराबी यानं शोधली, हे खरं. पन खराबी यानंच केली, हेही खरं. अर्धी मिशी काढा!"

लोकांना हे फारच पसंत पडलं. शेजारच्या न्हाव्याला हाक गेली. मोतीरामने साबणाने हात धुतला, मिशीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"थांबा," भिवाजी घाईने म्हणाले. "अर्ध्या मिशीनं हा हिंडन, तं सारं गाव इचारन काहून. मंग माह्या गाडीत दोन महिने बिब्बा होता, हे विहारापर्यंत जाईन. पुरी ठेव मिशी. आन इथली गोष्ट इथंच राह्यली पाह्यजे. काय कलाबाई?"

"मी कोनाले सांगतो, बाप्पा?" कलाबाई म्हणाली.

मोतीरामने बिब्बा काढला, तारेला चिकटपट्टी गुंडाळली. दिवा गपकन विझला.

पुढच्या बाजाराला मोतीराम मिशीसकट टपरावर आला, तो समोर गाड्यांची रांग. एकही बिघडलेली नव्हती. प्रत्येक गाडीजवळ तिचा मालक वाकून उभा होता, आणि टाकीखाली हात घालून चाचपत होता.