उजवं दार

गिऱ्हाईक खाली उतरायच्या आत आमचे गॅरेजवाले भाऊ व्हॅनच्या उजव्या दारावर तळहात आपटायचे. ‘‘हाई बंद करी टाकू, भो! मंग पोरे पडानी चिंता नही!’’

खानदेशातून पोटासाठी आलेल्यांच्या वस्तीत, गोडादऱ्यात, माझं शिवणकामाचं दुकान, त्याला लागून त्यांचं गॅरेज. माल वाहायची साधी व्हॅन आणा, ते तिचं घर करून द्यायचे. समोरासमोर बाकं, छताला रंगीत दिवे, पंखा. पडदे माझे. लग्नसराईत खानदेशात गावी जाणारी कुटुंबं त्यांच्या दारात ताटकळायची. उजवं दार वेल्डिंगनं कायमचं बंद करून तिथं लांब बाक टाकायचं, ही युक्ती त्यांचीच. रस्त्याच्या बाजूनं मूल उतरायला नको. आया त्यांना दुवा द्यायच्या. मीही द्यायचे, माझे पडदे खपत होते ना!

रंगांच्या बाबतीत मात्र त्यांचं डोकं फिरलेलं. एकदा गुलाबी पडद्यांना जांभळी झालर लावायला लावली. म्हटलं, ‘‘भाऊ, गाडी आहे की तमाशाची कनात?’’

‘‘ताई, गावमा गाडी शिरनी का लोकेस्नी देखाले पाहिजे!’’

मग लोकांची हौस फिटली. पोरं हप्त्यावर नव्या गाड्या घ्यायला लागली, म्हातारी स्लीपर बसनं जायला लागली. त्या सजवलेल्या व्हॅन मिळेल त्या भावात मजुरांच्या ठेकेदारांकडे गेल्या.

एका दुपारी जुन्या गाडीतली वायर बदलताना पुढच्या सीटकडे धूर झाला. ते आत एकटेच, आणि डावं दार अडकलेलं. आम्ही बाहेरून ओढतोय, ते आतून उजवीकडे लाथा मारतायत. त्यांच्याच हातचं वेल्डिंग ते, सुटतंय कसलं! शेवटी मागची काच फोडून त्यांना ओढून काढलं. पाण्याचा तांब्या दिला, तो हातातच राहिला. ‘‘ताई, मनी जागावर आत पोरे ऱ्हातात ते?’’

दुसऱ्या दिवसापासून ते ग्राइंडर घेऊन हिंडू लागले. लिंबायत, कोसाड, जिथं आपली गाडी दिसेल तिथं दार कापून मोकळं करायचं, तेही फुकट. लोक हसले. मला कुठलं हसू? रस्त्यात माझा पडदा दिसला तरी मी थांबून त्या गाडीचं उजवं दार बघायचे.

एक निळी गाडी तेवढी राहिली. ती चलथाणला सापडली. गुजराती ठेकेदार तिच्यात ऊसतोडीची माणसं कोंबून न्यायचा, बायका-लेकरांसकट.

‘‘दरवाजो खोलशो तो माणस पडशे, काका,’’ म्हणाला मेला, आणि हाकलून दिलं.

‘‘पोलिसात जा!’’ मी चिडून म्हटलं.

‘‘पोलिस उनात ते तो गाडी लपाडी दी, ताई. मंग मी कोठे धुंडू?’’

त्यानंतर गॅरेजला कुलूपच दिसायला लागलं. शेवटी त्यांच्या घरी गेले, तर बायको डोळ्याला पदर लावून सांगू लागली, ‘‘त्याच गाडीवर ड्रायवर लागनात. दार कापू देत नही, मंग काच फोडाले ते कोनी पाहिजे, म्हंतस.’’

गेल्या आठवड्यात त्यांना गाठायला मी चलथाणच्या फाट्यावर उभी होते. निळी गाडी समोरून आली. आत डोकीच डोकी, एक लेकरू काचेला नाक लावून बसलेलं. स्टिअरिंगवर ते, मांडीवर हातोडा. मी जिवाच्या आकांतानं हाक मारली. त्यांनी बघितलं नाही, त्यांचा डोळा आरशात, मागच्या माणसांवर होता. गाडी उसात दिसेनाशी झाली. मी तिथंच हात जोडले. म्हटलं, देवा, त्या हातोड्याला काम लागू देऊ नको.