उभ्या गाडीतली तालीम

बाबा आमच्या कुत्रीला 'पोरी' म्हणतात आणि मला 'बाई'. यावरून घरात कोणाचा नंबर पहिला, ते समजून घ्यावं.

आई गेल्यापासून लातूरच्या घरात ही दोघंच. मी नोकरीसाठी नांदेडला. "या माझ्याकडं," म्हणून दोन वर्षं मागं लागले होते, पण बाबांचं एकच पालुपद. "पोरी येत असंल तर मी येतो. न्हाई तर न्हाई." आणि पोरी तर चाकं असलेल्या कशातच बसायची नाही. रिक्षाचं नुसतं हँडल दिसलं तरी ती पलंगाखाली जायची.

मग माझ्या डोक्यात आलं, की आधी तालीम करू. घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर उघड्यावरचं रेल्वे संग्रहालय आहे. संग्रहालय कसलं, जुन्या छोट्या गाडीचं इंजिन, एक डबा आणि भरपूर गवत. रविवारी सकाळी तिघंही निघालो.

इंजिन पोरीला आवडलं. चाकं हुंगून झाली, सिग्नलच्या खांबाचाही यथोचित सत्कार झाला. पण डब्याच्या पायरीशी आल्यावर तिने चारही पाय रोवले. मी बिस्किट दाखवलं, लाडीगोडी लावली, शेवटी स्वतः चढून इंजिनासारखी शिट्टीसुद्धा मारली. लाज कसली ती मला नाहीच.

राखणदार हसून म्हणाला, "मॅडम, ही गाडी हालत न्हाई म्हणून सांगा की तिला."

माझा धीर सुटत चालला होता. ही चढली नाही तर बाबा यायचे नाहीत, आणि एकटं राहायचं त्यांचं वय आता राहिलं नव्हतं.

तेवढ्यात बाबा खिडकीशी आले. खांद्यावरची दस्ती काढली आणि गर्दीत टाकतात तशी खिडकीतून सीटवर टाकली.

"जागा धरली," म्हणाले. "तुझ्या आईला याच गाडीनं आणलं. तवाबी अशीच धरली होती."

बाबांची दस्ती घरात कुठंही पडली तरी ती उचलून आणायचा हक्क पोरीचा. ती भुंकली, एका उडीत पायरी चढली आणि दस्ती पंजाखाली दाबून ऐटीत सीटवर बसली. मी आनंदाने ओरडलेच. राखणदाराने टाळ्या वाजवल्या. मी तिचे इतके मुके घेतले की ती वैतागली.

"झालं! आता चला नांदेडला," मी खिडकीतून म्हटलं.

बाबा हसले, पण दाराचा दांडा धरून खालीच उभे राहिले. पोरी चढली होती आणि त्यांच्याकडे आता कुठलीच सबब नव्हती.

"लई भेव वाटायलंय, बाई," ते हळूच म्हणाले. "ते घर सोडून कुठं राहिलोच न्हाई मी."

मी दारात येऊन उभी राहिले.

त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, वर पाहिलं आणि म्हणाले, "हात दे."